टोपाच्या आतला कागद

कुडपणला मी पहिल्यांदा गेलो तो कर्जवसुलीच्या कामाने. १९८८ साल असेल. त्या भागातल्या एका शाखेत मी शेतीकर्जाचे काम पाहत होतो. पोलादपूरहून कापड्याच्या बाजूला एस.टी.ने यायचे आणि पुढचा बराचसा डोंगर पायांनी चढायचा. वर पोचेपर्यंत खांद्यावरच्या पिशवीतली कर्जाची रजिस्टरे धोंड्यासारखी जड होत. ज्याच्याकडे वसुली करायची तो मुंबईला गेलेला असे, आणि त्याची म्हातारी आई ताक पुढे करून मलाच बसायला सांगे. समोर भीमाची काठी नावाचा सुळका, पावसाळ्यात खाली कोसळणारा धबधबा आणि गावात शेलारमामांची म्हणून दाखवतात ती समाधी. तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ याच पोलादपूर तालुक्यात, आणि त्यांच्या मामांचे गाव कुडपण. भाच्याचे गाव सगळ्यांना ठाऊक असते. मामाचे गाव विचारले, तर पुष्कळांना सांगता येत नाही.

निवृत्तीनंतर गेल्या वर्षी पुन्हा जाणे झाले. एका घराच्या पडवीत चार-पाच पोरे काहीतरी कापत बसली होती. शिवजयंतीला प्रवेश करायचा होता आणि त्यातल्या शेलारमामाला टोप आणि चिलखत हवे होते. एकाच्या मामाने मुंबईहून फोमच्या चटया आणल्या होत्या. बालवाडीत जमिनीवर अंथरतात त्या, एकमेकीत अडकणाऱ्या, बोटभर जाडीच्या. कृती त्यांनी मोबाइलवर पाहून घेतली होती. जगभरातली हौशी मंडळी म्हणे असल्या फोमपासून सिनेमातल्या वीरांची चिलखते करतात, अंगावर चढवतात आणि मेळावे भरवतात.

मी कौतुकाने बघत राहिलो. सर्वात धाकट्याच्या डोक्याला त्यांनी आधी रुमाल घट्ट बांधला. त्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्या आडव्या-उभ्या चिकटपट्टीने बसवल्या. डोक्याच्या आकाराचे कागदी कवच तयार झाले. मग कपाळापासून मानेपर्यंत मधोमध एक रेघ मारली, कानावरून दुसरी मारली, खुणा केल्या आणि कवच अलगद काढून त्या रेघांवरून कापले. गोल डोके आता जमिनीवर सपाट पसरले होते. शिंपी कळ्यांची टोपी बेततो तशा त्या कळ्या. एकाच बाजूचे कागद नीट करायचे आणि तेच उलटे ठेवून दुसरी बाजू आखायची, म्हणजे टोप वाकडा होत नाही, हे मला दहा वर्षांच्या मुलाने समजावून सांगितले. फोम कापताना पाते तिरके धरायचे. मग दोन कडा मिळतात तेव्हा मध्ये फट राहत नाही. चिकटद्रव्य दोन्ही कडांना लावायचे, बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबायचे आणि मगच दाबायचे. घाई केली की सांधा उसवतो. गरम हवेचे यंत्र मोठ्या माणसाने धरायचे. त्या हवेने फोम मऊ होतो, वळवाल तसा वळतो आणि थंड झाला की तसाच राहतो. त्यावर गोंदाचे दोन-तीन हात, मग काळा रंग, आणि शेवटी जवळजवळ कोरड्या फडक्याने चंदेरी. उंचवटे चमकतात, खाचा काळ्या राहतात, आणि चार हातांवरून कोणीही म्हणेल की लोखंड आहे.

त्या पोरांकडे बघताना मला कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आठवले. शंभर वर्षांपूर्वी शेलारमामाला पडद्यावर उभे केले ते त्यांनी. आणि हातात जे असेल त्यातून हवे ते घडवायचे, ही या पोरांची जात त्यांचीच.

कागद कापणाऱ्या त्या मुलांना त्यांचे नाव ठाऊक नव्हते. त्यात त्यांचा दोष नाही. आपण मोठ्यांनी तरी ते कितीसे सांगितले?

*

बाबूराव कृष्णाजी मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. आडनावच मेस्त्री, म्हणजे घरात करवत, पटाशी आणि भाता. वडील सुतारकाम आणि लोहारकाम दोन्ही जाणणारे, कोरीवकामातही हात असलेले. चित्रकलेच्या शाळेचे शिक्षण बाबूरावांना नव्हते. चुलतभाऊ आनंदराव हा त्यांचा जोडीदार आणि एका अर्थाने गुरूही. दोघे पडदे रंगवत.

आजच्या वाचकाला पडदे म्हणजे काय हे सांगावे लागेल. संगीत नाटकाचे ते दिवस. राजवाडा, अरण्य, नदीचा घाट, सगळे कापडावर रंगवलेले असे आणि दोरीने वर-खाली होई. केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शसारख्या मंडळींना पडद्यांची मोठी हौस. १९१० ते १९१६ या काळात आनंदराव-बाबूराव या जोडीने रंगवलेल्या पडद्यांचे नाव मराठी रंगभूमीवरच नव्हे, तर गुजराती-पारशी नाटकवाल्यांतही झाले. मेस्त्री हे आडनाव मागे पडले आणि लोक पेंटर म्हणू लागले. धंद्याचे नाव आडनावाच्या जागी बसणे ही कारागिराला मिळालेली पदवीच म्हणायची.

पण कापडावरच्या चित्रात माणूस शिरू शकत नाही. समोर नट गातो आणि मागे महाल वाऱ्याने हलतो, हे त्या दोघांना खटकत असले पाहिजे. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि या दोघा भावांना चित्रपटाचे वेड लागले. आधी त्यांनी चित्रे दाखवण्याचे यंत्र मिळवले, ते उघडून पाहिले, चित्र पडद्यावर पडते कसे ते समजून घेतले. मग ठरवले की चित्र टिपणारे यंत्र आपणच करायचे. विकत घ्यायला पैसे नव्हते, आणि पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत परदेशी माल मिळणे दुरापास्त होते. कॅमेरा घरी बनवण्याची कल्पना आज ऐकतानाही वेडेपणाची वाटते. दाते पडलेली चक्रे, फिल्म नेमकी पुढे सरकवणारा आकडा, भिंग आणि झडप यांचा मेळ, यात केसभर चूक झाली तरी चित्र थरथरते.

काम अर्धे झाले आणि १९१६ साली आनंदराव गेले. घरातला भाऊ, धंद्यातला भागीदार आणि स्वप्नातला सोबती एकाच वेळी गेला. अशा वेळी पुष्कळ माणसे हत्यारे पेटीत भरून ठेवतात. बाबूरावांनी ती पुन्हा हातात घेतली. त्यांच्याकडे आलेला विष्णुपंत दामले हा तरुण यंत्रात मुरलेला होता. दोघांनी मिळून १९१८ पर्यंत तो कॅमेरा चालता केला. कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. फत्तेलाल, दामले आणि पुढे शांताराम वणकुद्रे नावाचा एक पोरगेला मुलगा, असे सगळे त्या कारखान्यात शिकले. कारखानाच तो. सकाळी सुतारकाम, दुपारी रंगकाम, संध्याकाळी फिल्म धुणे. नटानेही झाडू मारायचा, आणि रंगाऱ्यानेही गरज पडली तर दाढी लावून उभे राहायचे.

भांडवल दिले कोणी? तानीबाई कागलकर या गायिकेने. त्या काळी बाईने कमावलेला पैसा, तोही गाण्यातून, आणि तो देऊन टाकायचा एका पडदे रंगवणाऱ्याला, ज्याने चित्रपट एकही केलेला नाही. तारण काय, तर घरी बनवलेले एक यंत्र.

इथे मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. कुडपणला जात असे त्याच दिवसांत, त्या भागातल्या एका वाडीतला म्हातारा माझ्या टेबलापुढे आला होता. नमनाच्या मंडळांना सोंगांचे सामान करून देणारा. रावणाची तोंडे, मुकुट, ढाली, तलवारी. कागद भिजवून, कुटून, मेथीची पूड घालून तो लगदा करी, मातीच्या साच्यावर थापून वाळवी. त्याला तीन हजार रुपये हवे होते. छापील अर्जात म्हैस होती, शेळ्या होत्या, पाण्याचे इंजिन होते, शिलाई मशीनसुद्धा होते. मुकुट नव्हता. कारागीर म्हणून त्याला बसवता आले असते. चार ओळींचे टिपण लिहावे लागले असते, वरच्यांना पटवावे लागले असते. मी ते केले नाही. नियमात बसत नाही असे सांगितले, आणि त्याने मलाच नमस्कार केला. नियम चुकीचा नव्हता. मी आळशी होतो. तानीबाईंविषयी पुढे वाचले तेव्हा तो नमस्कार आठवून मान खाली गेली, ती अजून पूर्ण वर आलेली नाही.

*

पहिला चित्रपट ‘सैरंध्री’. फेब्रुवारी १९२० मध्ये तो पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात लागला. फाळक्यांना बायकांच्या कामासाठी पुरुषाला साडी नेसवावी लागली होती. बाबूरावांनी दोन स्त्रियांना उभे केले. गुलाबबाई आणि अनसूयाबाई, पडद्यावरची नावे कमलादेवी आणि सुशीलादेवी. दोघींना समाजाचा रोष पत्करावा लागला. भीम कीचकाला मारतो तो प्रसंग इतका हुबेहूब उतरला, की प्रेक्षक हादरले आणि सरकारी परिनिरीक्षकांनी त्याला हरकत घेतली. मारलेला कीचक अर्थातच कारागिरीचा होता. आपल्या हातची वस्तू खरी वाटली म्हणून सरकारने कात्री लावावी, यापेक्षा मेस्त्र्याचा मोठा गौरव कोणता? लोकमान्य टिळकांनी तो चित्रपट पाहून बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. त्यानंतर काही महिन्यांतच लोकमान्य गेले.

बाबूरावांनी केले काय, हे एका वाक्यात सांगायचे तर त्यांनी पडदा गुंडाळून ठेवला. ज्या कापडी पडद्यांनी त्यांना नाव दिले तेच त्यांनी चित्रपटातून काढून टाकले आणि त्या जागी उभ्या भिंती, खांब, पायऱ्या बांधल्या. माणूस आत शिरू शकेल, वळू शकेल, खांबाआड लपू शकेल असा महाल. चित्रीकरणाआधी ते पात्रांची, पोशाखांची, हालचालींची रेखाटने करत. कागदावर ठरल्याशिवाय कात्री चालवायची नाही हा घरचाच संस्कार.

त्या काळातल्या पोशाखांची अडचण थोडी समजून घेऊ. नाटकात पुठ्ठ्यावर बेगड चिकटवली की मुकुट झाला. दिव्याच्या उजेडात, दहा हातांवरून, तो सोन्याचा दिसे. कॅमेरा मात्र तोंडाजवळ येतो आणि उन्हात बघतो. बेगड लखलखते, पुठ्ठ्याची कड दिसते. शिवाय त्या वेळच्या फिल्मला रंग आपल्यासारखे दिसत नसत. तांबडा तिला जवळजवळ काळा दिसे आणि निळा पांढुरका. म्हणजे तांबडे पागोटे पडद्यावर काळे उतरणार आणि निळा अंगरखा धुतल्यासारखा. डोळ्यांना सुंदर दिसते ते यंत्राला कसे दिसेल, याचा हिशेब रंगाऱ्यानेच मांडायचा. असा हिशेब मांडायला पेंटर आणि मेस्त्री एकाच अंगात असावे लागतात.

१९२३ साली आला ‘सिंहगड’. हरिभाऊ आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवरून. तानाजी झाले बाळासाहेब यादव. बाबूराव स्वतःही कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. आणि शेलारमामा झाला तो शांताराम. परंपरेने शेलारमामांचे वय त्या रात्री ऐंशीच्या घरात सांगितले जाते आणि शांताराम होता एकवीस-बावीस वर्षांचा. पांढऱ्या मिशा, वाकलेली पाठ आणि हातात तलवार. हाच मुलगा पुढे व्ही. शांताराम म्हणून देशभर गाजला.

कोंढाण्यावरचा हल्ला माघ वद्य नवमीच्या रात्री झाला, ४ फेब्रुवारी १६७० रोजी. रात्रीचे युद्ध दिवसाच्या उन्हात कसे दाखवणार? बाबूरावांनी विजेचे दिवे आणले. आपल्याकडे चित्रपटासाठी कृत्रिम प्रकाशाचा पहिला मोठा वापर याच ‘सिंहगड’चा मानतात. काळोख, त्यातून उजळणारे चेहरे, पात्यांवर सरकणारी उजेडाची रेघ. लाकडी तलवारीचे पोलाद होते ते धातूने नव्हे, प्रकाशाने, हे त्यांना नेमके कळले होते. चित्रपट इतका चालला, की त्याची गर्दी पाहूनच मुंबई सरकारला करमणूक कर सुचला असे जुनी मंडळी सांगत. त्यातली दंतकथा वजा केली तरी गर्दी उरतेच. जाहिरातीची चित्रेही बाबूराव स्वतः रंगवत, आणि चित्रपटाची माहिती देणाऱ्या पुस्तिका छापण्याची कल्पनाही त्यांनी फार लवकर अमलात आणली.

चिलखते आणि मुकुट यांतच ते अडकले असते, तरी कोणी दोष दिला नसता. धंदा तोच होता. पण १९२५ साली त्यांनी ‘सावकारी पाश’ केला. ही गोष्ट दुसऱ्या आपट्यांची, नारायण हरींची. सावकाराने जमीन गिळलेल्या शेतकऱ्याची. नायक शांताराम. चित्रपटात ना राजा, ना देव, ना टोप. एक झोपडी, एक कुणबी आणि कागदावरचा एक अंगठा. ज्याने आयुष्यभर पोशाख चढवले त्याने इथे सगळे पोशाख उतरवून ठेवले. प्रेक्षकांनी मात्र पाठ फिरवली. लोकांना घरचेच दुःख पैसे देऊन पाहायचे नव्हते. अंगठ्याचे असे कागद मी पुढे नोकरीत शेकड्यांनी हाताळले, म्हणून सांगतो, त्यांना पडद्यावर आणणे ही त्या काळी केवढी छाती होती.

*

१९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर कंपनीतून बाहेर पडले आणि १ जून रोजी कोल्हापुरातच त्यांनी प्रभात काढली. घडवलेली माणसे एकाच वेळी दुसऱ्या दाराने निघून गेली. कोणी बाबूरावांच्या तऱ्हेवाईकपणाला बोल लावतात, त्यांच्या सावकाश, मनास येईल तेव्हाच करायच्या कामाला दोष देतात. ते खोटे नसावे. मेस्त्र्याला वस्तू पुरी झाल्याशिवाय हातावेगळी करवत नाही, आणि कंपनीला महिन्याचा पगार वाटायचा असतो. हा तंटा जुना आहे. त्यात एक बाजू सगळी खरी आणि दुसरी सगळी खोटी, असे कधी नसते.

मग १९३१ साली चित्रपट बोलू लागले. बाबूरावांना ते रुचले नाही. बोलपटाने पाहण्याची कला मरेल असे त्यांचे मत. महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. बोलपट त्यांनी केले, पण मोजकेच. १९३५ साली ‘उषा’, १९३६ साली पुन्हा ‘सावकारी पाश’, या वेळी बोलका. जे लोकांनी नाकारले ते अकरा वर्षांनी पुन्हा मांडणे, यात हट्ट होता की श्रद्धा, हे ज्याचे त्याने ठरवावे. १९४७ साली शांतारामांच्या राजकमलसाठी ‘लोकशाहीर रामजोशी’ झाला. गुरू-शिष्य पुन्हा एकत्र आले, तेव्हा चित्रसंस्था शिष्याची होती. बाकीचा काळ ते चित्रे काढत, मूर्ती घडवत. कोल्हापूरच्या शिवाजी चौकातला महाराजांचा पुतळा त्यांच्याच हातचा. ज्यांच्या मावळ्यांना त्यांनी पडद्यावर लढवले, त्यांना शेवटी धातूत घडवले.

१६ जानेवारी १९५४ रोजी ते कोल्हापुरातच वारले. लोक त्यांना कलामहर्षी म्हणतात. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचे स्मारक आहे. पण त्यांच्या बहुतेक मूकपटांच्या प्रती आज उरलेल्या नाहीत. ती फिल्मच अशी, की सहज पेट घेई आणि नुसती ठेवली तरी कुजे. एवढ्या कष्टाने केलेले मुकुट, महाल, रात्रीची ती लढाई, सगळे गेले. काही छायाचित्रे, काही जाहिराती राहिल्या. कारागिराचे नाव त्याच्या वस्तूपेक्षा जास्त टिकावे, हा दैवाचा उलटा न्याय आहे.

*

कुडपणच्या पडवीत टोप तयार झाला तेव्हा दुपार कलली होती. पोरांनी तो धाकट्याच्या डोक्यावर चढवला. घरातली आजी तांदूळ निवडता निवडता हे सगळे पाहत होती. तिने एवढेच विचारले, की शेलारमामाला टोप होता हे कोणी सांगितले? गरीब मावळ्याच्या डोक्याला मुंडासे, अंगात फार तर जाड अंगरखा. तानाजीची ढाल तुटली तेव्हा त्याने डाव्या हाताला कापडच गुंडाळले, अशी कथा तीही ऐकत आलेली.

पोरांचे चेहरे उतरले. मी मध्ये पडलो. त्यांना सांगितले, की टोप आणि चिलखत फुकट जाणार नाही. इथून जवळच्या प्रतापगडाखाली १० नोव्हेंबर १६५९ रोजी महाराज अफझलखानाला भेटायला गेले, तेव्हा त्यांनी अंगरख्याच्या आत चिलखत आणि डोक्यावरच्या वस्त्राखाली टोप घातला होता. खरे चिलखत ते, दिसू न देता घातलेले. प्रवेश तो करा. आणि शेलारमामा करायचा असेल, तर आजीचे जुने लुगडे मागून घ्या.

थोरल्याने थोडा विचार केला. मग त्याने टोपाच्या कागदी कळ्या जपून घडी घालून वहीत ठेवल्या. फोम फाटला तरी चालेल, कागद राहिला पाहिजे, कागद असला की टोप पुन्हा होतो, असे त्याने मला बजावले. मला वाटते, बाबूरावांनी हे ऐकून त्याला आपल्या कारखान्यात घेतले असते.

त्या कळ्या वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीतून कापलेल्या होत्या. हाही कागद तसाच आहे. वाचून झाला, की घरात कोणी लहान मूल मागायला आले, तर द्यावा. सोबत चार पैसे मागितले, तर तेही द्यावेत. माझ्यासारखा नियम शोधत बसू नये.